मिठागराचा कोपरा

माझा स्वभाव संशयी आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी ते मला नव्यानं सांगायला नको. भाजीवाला "ताई, आजच आलीय" म्हणाला की मी जुडी सोडून आतली पानं बघते. मी लिफ्टमध्ये शिरल्यावर दोन बायका गप्प झाल्या, तर त्या माझ्याबद्दलच बोलत होत्या असं धरून चालते. नवरा म्हणतो, "तुला पोलिसात घ्यायला हवं होतं." तो हे कौतुकानं म्हणतो की वैतागून, याचाही मला संशय आहे. अशी बाई क्रोशासारख्या शांत उद्योगाकडे कशी वळली याचं आमच्या घरात सगळ्यांना नवल वाटतं.

वळले ती मुलीच्या क्लासमुळे. ती दहावीला असताना संध्याकाळी तिला क्लासला सोडायचं, बाहेरच्या बाकावर बसून राहायचं आणि तिला घेऊनच परत यायचं, असा माझा नेम होता. माझा विश्वास नव्हता ना क्लासवर, ना रिक्षावाल्यांवर, आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही थोडा कमीच होता. बाकावर बसून मोबाइलवरचे व्हिडिओ बघता बघता एक दिवस वाशीहून सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा घेऊन आले. पहिला रुमाल चौकोनी व्हायचा तो समोशासारखा झाला. दुसरा बरा झाला. तिसरा करत असताना मुलीला येऊन माझा खांदा हलवावा लागला, कारण क्लास सुटल्याचं मला कळलंच नव्हतं. माझी नजर तासभर क्लासच्या दारावरून हटली होती, आणि मला फार बरं वाटलं होतं.

मुलगी आता पुण्याला शिकते. क्रोशा मात्र घरात राहिला. बरीच वर्षं मी दुसऱ्यांचेच नमुने विणले. इतके खांब, म्हणजे उभे टाके, मग इतकी साखळी, मग पुन्हा खांब, असं कुणीतरी सांगायचं आणि मी करायचं. हळूहळू मला त्यांच्यात खोट दिसू लागली. इथं ही जाळी कशाला, ही पाकळी उगाच चिकटवलीय, असं मनात येऊ लागलं. मग एकदा उरणकडे जाताना रस्त्याच्या कडेला मिठागरं दिसली. ती काही मी पहिल्यांदा बघत नव्हते. पण त्या दिवशी ऊन तिरपं होतं, पांढरे चौकोन आणि त्यांच्यामधले बारीक उंच बांध असे स्पष्ट दिसले, की माझी बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली. हे विणता येईल, असं वाटलं. आणि हे अजून कुणी विणलेलं नाही, असंही वाटलं.

मिठागर करायला मला वर्षभर लागलं असेल. मधून सुरू करायचं आणि फेऱ्या घालत बाहेर जायचं. वाफ्यांसाठी साधे सपाट खांब, आणि बांधांसाठी मागच्या फेरीतल्या खांबाच्या अंगावरून सुई घालून उचललेले उठावाचे खांब. चौकोन सुरेख दिसायचे. पण कोपरा काही जमेना. उठावाचे खांब दोरा ओढून घेतात, त्यामुळे चारही कोपरे वर उचलले जायचे आणि रुमालाची वाटी व्हायची. टाके वाढवले की झालर सुटायची. पाणी मारून, टाचण्या लावून, इस्त्री फिरवून झाली. टाचण्या काढल्या की कोपरा पुन्हा मान वर करायचा. तुझ्यावर गेलाय, असं नवरा म्हणाला.

कागदावर मी काहीही उतरवलं नव्हतं. सगळं डोक्यात होतं, आणि ते मुद्दाम. बेलापूरच्या ज्या ऑफिसात मी इतकी वर्षं नोकरी करते तिथं माझी टिपणं, माझे मसुदे, माझ्या भाषेतली पत्रं बाहेर जातात आणि खाली सही साहेबांची असते. साहेब बदलतात, सही बदलते, मसुदा माझाच. तक्रार नाही, नोकरीच तशी आहे. पण एक तरी गोष्ट अशी हवी होती की जिच्या खाली माझं नाव असेल. क्रोशा करणाऱ्या बायकांचा एक ऑनलाइन गट आहे. तिथं सभासदांचे नवे नमुने त्यांच्या नावानिशी प्रसिद्ध होतात. अट एकच, नमुना स्वतःचा हवा आणि आधी कुठं दिसलेला नको. कोपरा जमला की मिठागर तिथं पाठवायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई साताऱ्याकडच्या, बोलायला मोजक्या, आणि माझ्या विणकामाबद्दल तर अजिबातच मुक्या. मी बाल्कनीच्या दाराशी उजेडात बसते. माझ्या शेजारीच टीव्ही आहे, त्यामुळे समोरच्या दिवाणावर बसलेल्या सासूबाईंचं तोंड कायम माझ्या दिशेला. त्यांच्या मालिका आणि माझे टाके असे समोरासमोर चालायचे. "छान झालंय" किंवा "वाईट झालंय" यातलं एक अक्षर त्यांनी कधी काढलं नाही. मी त्याचा अर्थ नावडतं असा लावला होता.

माझा सगळा पहारा होता तो समोरच्या फ्लॅटमधल्या बाईवर. ती माझी मैत्रीण. म्हणजे मी जेवढी कुणाची मैत्रीण असू शकते तेवढी. रविवारी चहाला यायची आणि आल्या आल्या माझं काम उचलून उलटंपालटं करायची. "काय भारी झालंय यार! मला पन शिकव ना," म्हणायची. शिकायला मात्र कधी बसली नाही. ज्याला शिकायचं नाही तो उलटी बाजू कशाला बघतो? माझ्या मनात पाल चुकचुकली. मग बेल वाजली की मी मिठागरावर नॅपकिन टाकू लागले. एकदा तर तिला फसवायला मुद्दाम चुकीचे टाके घालत बसले, आणि ती गेल्यावर सगळं उसवलं.

त्यातच दोरा कमी भरू लागला. नवा गुंडा अंदाजापेक्षा लवकर संपायचा. मी वाशीच्या दुकानदाराला धारेवर धरलं, गुंडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितले. वजन बरोबर होतं. तरी संशय गेला नाही, उलट काट्यावरही आला.

अशात त्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी ऐरोलीला कंपनीत कामाला, गोड पोरगी, पण सुईत दोरा ओवायचा तर आईला हाक मारणारी. लग्न पनवेलच्या हॉलमध्ये होतं. सासूबाईंनी ठेवणीतलं इरकल काढलं आणि आमच्या आधी तयार होऊन बसल्या. एरवी त्यांना लग्नाला न्यायचं तर दोन दिवस मनधरणी करावी लागते. मी त्या दिवशी एवढ्या गोष्टीवर संशय घेतला नाही, हे माझं मलाच आश्चर्य वाटतं.

हॉलमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला रुखवत मांडलं होतं. लाडवांचे मनोरे, सुपारीचे नवरानवरी, कापडी फळं, पाटीवर लिहिलेले उखाणे. आणि मधोमध, पितळी समयांच्या जोडीखाली, माझं मिठागर.

पाय तिथंच थांबले. सारखं दिसणारं काहीतरी असेल म्हणून जवळ गेले. नाही, माझंच. तेच वाफे, तेच बांध, बांधाची तीच जाडी. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. मग मी समई किंचित सरकवून कोपरा बघितला आणि पाणीही आटलं. कोपरा सपाट होता. ज्या कोपऱ्यानं मला वर्षभर छळलं तो टेबलावर अंग टाकून निवांत पडला होता. बांध कोपऱ्याला पोचायच्या जरा आधीच दुभंगत होता आणि मधे साखळीची एक छोटी मोकळी जागा सोडली होती. एवढंच. चोरानं नुसती चोरी केली नव्हती, माझी चूकही दुरुस्त केली होती.

मी रुमाल उलटा केला. विणणारी बाई दुसरीचं काम कधी सुलट बाजूनं पारखत नाही. प्रत्येक फेरी जिथं सांधली जाते तिथं एक बारीक रेघ तिरकी जात राहते. माझी नेहमी एकाच अंगाला जाते. ही बरोबर उलट्या अंगाला जात होती. टाक्यांचा कलही उलटा, आरशात बघावं तसा. हे काम डाव्या हाताचं होतं.

"हात नका लावू हं, मुलीनं केलेलं हाय सगळं," पहाऱ्याला बसवलेली नवरीची आत्या म्हणाली. म्हणजे चोर मी! रुमाल खाली ठेवून मी निमूट बाजूला झाले. रुखवतात कोणती वस्तू कुणी केली हे विचारायची आपल्यात रीत नाही. मावशीनं केलेलं असो की बाजारातून आणलेलं असो, सगळं मुलीनं केलेलं. वरपक्षानं वाहवा करायची आणि पुढे सरकायचं.

जेवताना मी फक्त हात बघत होते. मैत्रीण उजव्या हाताची, हे मला पक्कं माहीत होतं. मग कुणाला हाताशी धरलं तिनं? पण आपल्या लोकांत घास घेताना डावखुरा कसा ओळखणार? पंगतीत सगळेच उजव्या हाताचे. सासूबाई शेजारी होत्या. "रुखवत बघितलंस का गं?" त्यांनी विचारलं. "बघितलं," मी म्हणाले. "कसं वाटलं?" मी म्हटलं, "लाडू चांगले होते." जिलबी तशीच ठेवली त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आले. रुखवताचा फोटो मोठा, आणि खाली ओळ, 'लेकीची कला.' त्याच्याखाली अंगठे, फुलं, 'वॉव', 'टॅलेंटेड गर्ल', 'कोणत्या क्लासला जाते?' मी मोबाइल उपडा ठेवला. आता मी मिठागर माझं म्हणून कुठंही दाखवलं असतं, तर याच बायका म्हणाल्या असत्या, शेजारच्या मुलीचं बघून केलंय हिनं. आणि माझ्यासारखी बाई त्यांच्या जागी असती तर तीही तेच म्हणाली असती.

मैत्रीण लग्नाचे लाडू द्यायला आली. मी दारातच विचारलं, "तो समयांखालचा रुमाल कुणी विणला?"

"अगं, रुखवतातलं असं विचारतात का कुनी?" ती हसली, पण हसू अर्धंच. नजर माझ्या खांद्यावरून मागे, आमच्या हॉलमध्ये गेली. डोळ्याला डोळा भिडवत नाही, म्हणजे झालंच.

"माझं डिझाइन आहे ते. माझं. आणि तुला ते चांगलं माहितीय."

"हे बघ, तू टेन्शन नको घेऊ. मी नंतर बोलते तुझ्याशी." आणि पुन्हा तेच, नजर मागे.

मी लाडू घेतले आणि दार लावलं. दार लावलं ते तिच्या तोंडावर लागलं. पुढचे रविवार चहाला कुणी आलं नाही. आम्ही लिफ्टमध्ये भेटलो की दोघी आकड्यांकडे बघत उभ्या राहायचो.

राग असा की विणायलाही बसवेना. पण हात रिकामे राहिले की मी जास्त वाईट विचार करते, म्हणून एका दुपारी जुनंच मिठागर पुन्हा काढलं आणि बाल्कनीच्या दाराशी बसले. पाचेक टाके घातले असतील. समोर सासूबाई, मालिका चालू. मग जाहिराती लागल्या. एरवी जाहिरात लागली की त्या पाणी प्यायला उठतात. आज उठल्या नाहीत. मी मान न उचलता नुसते डोळे वर केले.

त्यांचं लक्ष टीव्हीकडे नव्हतं. माझ्या हातांकडे होतं. आणि पदराखाली त्यांचा हात हलत होता. मी दोरा उचलला की त्यांचं बोट उचललं जायचं, मी ओढून घेतला की त्यांचं मिटायचं. माझा उजवा हात, समोर त्यांचा डावा. मी एक खांब चुकून गाळला. पदराखालचा हात थांबला.

काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी दुसऱ्यांवर अनेकदा फेकलेली आहे.

"आई," मी म्हणाले, "तुम्ही केलात तो रुमाल."

त्यांनी नाही म्हटलं नाही. रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. "दोरा तुझ्याच गुंड्यातला घेतला," त्या म्हणाल्या. "तू ऑफिसला गेलीस की बसत होते."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

नसतं दिलं. पण मी ते कबूल करणार नव्हते. मी जे बोलायचं ते सगळं बोलले. गट, अट, वर्षभराची मेहनत, ऑफिसातल्या सह्या, ग्रुपवरचा फोटो, समोरचीशी तोडलेलं बोलणं. आवाज चढला होता माझा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिनं काय केलं नाही बिचारीनं," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं तिला, कुणाला सांगू नकोस. माझ्या हातचं एकदा रुखवतात ठेव म्हटलं."

"पण माझंच का? तुमचं काहीतरी करायचं होतं!"

"मला आता कुठं सुचतंय? तुझं बघून हात शिवशिवला. आणि रुखवतात मांडलं म्हणजे सगळ्यांत चांगलं तेच मांडलं. त्यात तुझं काय वाईट झालं? आमच्यात नमुना असाच घरोघर जायचा. ही तिचं बघून करायची, ती हिचं बघून. नाव कोण विचारतंय?"

मी उठून आत जाणार होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मी डावरी. शाळेत छड्या खाऊन लिहायला उजव्या हातानं शिकले, जेवायला शिकले. विणायला तेवढी शिकले नाही, तो हात ऐकेचना. लग्न ठरलं तेव्हा माझी पेटीभर कामं होती. आई म्हणाली, डाव्या हाताचं रुखवतात नको, अवलक्षण. एक रुमाल मांडू दिला नाही तिनं. चुलतबहिणीनं विणलेलं मांडलं, आणि सगळ्यांना सांगितलं, मुलीनं केलंय."

हे त्यांनी भाजीला मीठ कमी आहे अशा सुरात सांगितलं. मी परत खुर्चीवर बसले. माझा राग गेला नव्हता. फक्त तो कुणावर धरावा ते कळेना, आणि रिकाम्या रागासारखी अडचण नाही. मग मी विचारलं ते भलतंच विचारलं.

"कोपरा कसा बसवलात?"

"वाफ्याला दार नको का?" त्या म्हणाल्या, जणू मी विचारलं हेच नवल. "चारी बाजूंनी बांध घालून ठेवलेस तू. पाणी जाणार कुठून? कोपऱ्यात दार ठेवलं की बांध दोहोंकडे होतो."

"ते मिठागर आहे, आई."

"मला मेथीचा वाफा वाटला," सासूबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी समोरची बेल वाजवली. मैत्रिणीनं दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "कळलं वाटतं. बाई, सुटले मी एकदाची! त्यांनी शपथ घातलेली गं." चहा तिनंच केला. तिची माफी मागताना मला जड गेलं, तिनं मात्र अर्ध्यातच "चल हट" म्हणून विषय संपवला. इतक्या सहज माफ केलं याचा मला थोडा संशय आलाच, पण मी चहा प्यायले.

गटाला मी सरळ लिहून टाकलं. नमुना एका लग्नात मांडून झालाय, आणि तो आता माझ्या एकटीचा राहिलेला नाही, चालतो का बघा. लग्नाच्या रुखवतात मांडला त्याला आम्ही दाखवणं धरत नाही, असं उत्तर आलं. दोघींच्या नावानं पाठवा.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले. फेऱ्या लिहिल्या, कोपरा लिहिला. कोपरा लिहिताना सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि दोनदा माझं चुकलं ते त्यांनी दाखवलं. शेवटी नावं. माझं टाकलं. त्याखाली त्यांचं टाकलं, आधार कार्डावर आहे तसं, सासऱ्यांच्या नावासकट.

त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. "हे नको," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, आता पुन्हा नाव कशाला म्हणून सुरू होणार. म्हटलं, "आई, घालू द्या. मला एकटीचं नाही घालायचं."

"घाल की. पण हे नको. हे तांदळाच्या ताटात लिहून मिळालेलं. विणायला शिकले तेव्हा मी या नावाच्या आधीची होते. माहेरचं घाल."

नवऱ्यानंही मोबाइलवरून मान वर केली. या घरात येऊन मला वीस वर्षं होऊन गेली. कोण काय लपवतंय यावर मी रोज डोळा ठेवून असते, आणि हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी हळू सांगितलं. आधी नाव, मग वडलांचं, मग आडनाव. मी एकेक अक्षर टाइप केलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"मोठ्यानं वाच बघू," त्या म्हणाल्या.

मी वाचलं, कुणाला हाक मारावी तसं.

"ओ," सासूबाई म्हणाल्या.